माळवदातले दात बघायला

सानियाचा फोन आला तेव्हा मी पिठाच्या गिरणीत रांगेत उभी होते. गिरणीच्या घरघरीत एवढंच ऐकू आलं, "अम्मी, सापडले! थरात सापडले!" मी तिथूनच ओरडले, "अगं काय सापडलं?" तर म्हणाली, "दात!" मी मोठ्यांदा "दात?" म्हटलं आणि रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. डबा गिरणीवाल्याच्या हवाली केला, घरी आले आणि बॅग भरायला घेतली. आमचे मिस्टर म्हणाले, "तिनं बोलावलंय का तुला?" मी म्हटलं, लेकीचं कौतुक बघायला आमंत्रण लागतं होय?

आता आधी सानिया काय करते ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझ्या प्रवासाचा अर्थ लागेल. ती पीएच.डी. करते. सार्वजनिक आरोग्य, पुरातत्त्व आणि न्यायवैद्यक, तिन्ही एकत्र. नातेवाइकांत हे सांगताना मला दम लागतो. माझ्या नणंदेनं तर स्पष्टच विचारलं होतं, "म्हणजे दवाखाना कधी टाकणार?" मी म्हटलं, दवाखाने गल्लोगल्ली आहेत, हे काम करणारी एक दाखव.

काम असं. आमच्या धाराशिव जिल्ह्याकडच्या काही खेड्यांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. लहानपणी ते पाणी पोटात गेलं की पक्क्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात आणि आयुष्यभर राहतात. मला विचारा ना! माझं बालपण नळदुर्गच्या पुढच्या एका खेड्यात हापशाच्या पाण्यावर गेलं. पुण्यात आल्यापासून लोकांना वाटतं मी तंबाखू खाते. लग्नाच्या अल्बमात एकाही फोटोत माझे दात दिसत नाहीत, मी मुद्दामच तोंड मिटून बसले होते.

सानियाला शोधायचं होतं की हे कधी सुरू झालं. विहिरीचं पाणी प्यायचो तेव्हाही होतं, की बोअर आल्यावर आलं? जुन्या पाण्याची तपासणी कुणी करून ठेवली नाही. पण लहान लेकराच्या दातात त्या वेळचं पाणी मुरलेलं असतं. प्रश्न एवढाच की साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या लेकरांचे दात आणायचे कुठून?

उत्तर आमच्या स्वयंपाकघरात सापडलं. मी भेंडी चिरत होते आणि सहज सांगत होते की आमच्याकडं दुधाचा दात पडला की तो माळवदावर भिरकवायचा आणि उंदराला म्हणायचं, माझा घे, तुझा दे. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. लाकडावर काटक्या, पाला, चिखल आणि वर पांढरी माती. दर वर्षी पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर चढतो. मदतीला बसलेली सानिया हातातली भेंडी खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "अम्मी, म्हणजे दर वर्षीचे दात त्या-त्या वर्षीच्या थराखाली गाडले जातात! लोक उत्खनन जमिनीत करतात, आपण छपराचं करायचं!" ही कल्पना तिचीच बरं का. भेंडी माझी होती.

तर फोन आल्यावर बॅग भरली, पण मिस्टरांनी चार दिवस थांबवलं, पाचव्या दिवशी पहाटेच्या गाडीनं सोलापूर गाठलं. जाणार असाल तर सोलापूर स्टँडच्या बाहेर शेंगाचटणी आणि कडक भाकरी आधी घेऊन ठेवा, पुढं हायवेला ढाब्यावर भरपेट मिळतं पण ही चव मिळत नाही. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं मी खिडकीची जागा पकडून राणीसारखी बसले. हैदराबाद हायवे आता एकदम गुळगुळीत झालाय. नळदुर्गला उतरून किल्ला बघितला. धरणाच्या पोटात बांधलेला तो महाल, वरून पाणी कोसळायला पावसाळा लागतो, मार्चमध्ये कोरडाच असतो, तरी जा. सकाळी लवकर जा आणि टोपी घ्या, तटावर सावली म्हणून नाही. ढाब्यावर मटण आणि ज्वारीची भाकरी खाल्ली. माझी उजवीकडची दाढ कधीपासून हलतीय, त्यामुळं सगळं डावीकडून चावायचं चाललं होतं.

मुरुमहून पुढं काळी-पिवळी जीप करावी लागते. गावाचं नाव मी लिहीत नाही, सानियाची तशी सक्त ताकीद आहे. संशोधनात गाव आणि माणसं उघड करायची नसतात, म्हणून इथली नावंही बदललीत. जीपमध्ये आम्ही कणसातल्या दाण्यांसारखे बसलो होतो. माझ्या शेजारच्या बाई पुढच्या माणसाला म्हणाल्या, "त्या गावात म्हणं माळवदात लेकरांचे दात निघालेत. ढीगभर."

"नुसते दात न्हाईत, कवटीबी हाय," तो माणूस म्हणाला. "मोबाइलवर आलंय. नरबळी दिला म्हणं त्या घरच्या म्हाताऱ्याच्या बापानं."

"आन् ती पोरगी कोण हाय तिथं?"

"कोण जाणे. हाडं गोळा करती म्हणं. करणीबिरणी करत असंल."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "ती पोरगी माझी लेक हाय, आन् ती सरकारी परवानगीनं बसलीय तिथं! कवटी कुणी बघितली? तुम्ही बघितली?" पुढचा माणूस उतरताना म्हणाला, "न्हाय हो, म्या बी मोबाइलवरच वाचलं." मग माझी बॅग त्यानंच खाली काढून दिली.

सानिया मला बघून आधी हसली, मग वैतागली. "अम्मी! कायकू आए इतनी धूप में?" तोंडावर, केसांत, भुवयांवर पांढरी माती. माणिकतात्यांच्या घराचं माळवद तिनं उतरवलं होतं. तात्या सत्तरीचे, घर दोन खणांचं, मुलगा बाहेरगावी ट्रकवर. घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं, म्हणून सानियाला ते मिळालं होतं. एकेक थर वेगळा काढून तिनं अंगणात वेगवेगळे ढीग लावले होते, प्रत्येकावर ताडपत्री आणि पाटी. मजूर लावून एका दिवसात पाडायचं घर तिनं कितीतरी दिवस लावून मूठमूठ उतरवलं होतं. अर्धी माती चाळून झाली होती आणि प्रत्येक थरात तांदळाएवढे छोटे छोटे दात निघत होते.

आणि नेमकं हेच कुणीतरी मोबाइलवर टाकलं होतं.

तात्यांनी बांधकाम होईपर्यंत शेजारी पत्र्याची खोली उभी केली होती. ते आत भिंतीकडं तोंड करून झोपले होते. त्यांची सून सुनंदा मला पाणी देत हळूच म्हणाली, "तीन रोज झाले, मामंजी भायेर गेले न्हाईत. च्याला बोलवलं तर कुणी येत न्हाय. आजेसासरे झाडपाल्याचं औषध द्यायचे, मंत्र म्हणायचे. त्येवढ्यावर नरबळी झाला बगा." तिनं येसर आमटी आणि भाकरी केली. तात्यांचं ताट तसंच परत आलं.

गावानं ठरवलं होतं की सकाळी ट्रॅक्टर लावून सगळी माती ओढ्यात टाकायची, दात आणि ती पीडा दोन्ही जाऊ दे. गेली म्हणजे संपलंच. दुसरं माळवद एवढं जुनं, एवढं शाबूत, आसपास राहिलेलं नाही. सानियाचं काम तर जाणारच, पण तात्यांच्या घरावर जे नाव लागलं ते पुसायचा पुरावाही त्या मातीतच होता, तोही जाणार. सानियानं सरपंचांना दोनदा गाठलं होतं. ते म्हणाले, "ताई, तुमी शिकलेल्या हायसा, पण गाव माझं ऐकणार न्हाय." सानिया रागावली नव्हती. शांत होती. माझ्यावर गेलेली नाही, बापावर गेलीय.

तिला आणखी एक अडचण होती. आताच्या लेकरांचेही दात हवे होते, जुन्यांशी ताडून बघायला. पण एकाही आईनं दिला नव्हता. नख, केस, दात परक्याच्या हातात द्यायचे नाहीत, कुणी काय करेल सांगता येत नाही, असं आमच्याकडं मानतात. मलाही माझ्या आईनं हेच शिकवलं. त्यामुळं मी त्या बायांना दोष देणार नाही.

सकाळी चहा होतोय तोवर ट्रॅक्टर आला. मागं पंधरा-वीस माणसं आणि समोरच पंचायतीच्या कट्ट्यावर तेवढ्याच बाया. माझा पारा चढला. पुढं गेले, समोर आला तो ढीग पकडला आणि त्यावर मांडी घालून बसले. म्हटलं, "टाका ट्रॉलीत! मला घेऊन टाका!"

माझ्यामागून सानिया किंचाळली, "अम्मी! उठा! तो सगळ्यात खालचा थर आहे! मिसळेल ना सगळं!"

मी कशी उठले माझं मला माहीत. सगळं गाव हसलं. जाऊन ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापाशी उभी राहिले. तिथं तरी कुठला थर नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, म्या भाड्यानं आलोय, मला काय सांगता." बरोबर होतं त्याचं, पण मी काही हलले नाही.

तेवढ्यात फटफटीवरून जमादार आले. कुणीतरी ठाण्याला कळवलं होतंच. त्यांनी ढीग बघितले, सानियाची कागदपत्रं वाचली आणि विचारलं, "मॅडम, हे दात माणसाचेच ना?"

"हो. लहान मुलांचे."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "बगा, म्हणलं न्हवतं!"

सानियानं अंगणात पाट मांडला, त्यावर काळं कापड. डबीतले दात चिमट्यानं एकेक करून मांडले. भिंग जमादारांच्या हातात दिलं. "साहेब, मेलेल्या लेकराच्या जबड्यातून दात निघाला तर त्याला मूळ असतं. लांब, पाय असल्यासारखं. आपोआप पडणाऱ्या दाताचं मूळ आधीच आत विरघळतं, म्हणून तर तो हलतो. खालून बघा. एकालाही मूळ नाही. आतापर्यंत निघालेल्या एकाही दाताला नाही. आणि कवटीचं म्हणाल तर एक हाडसुद्धा निघालेलं नाही. ही लेकरं मेली नाहीत, साहेब. मोठी झाली."

अहो, काय सांगू तुम्हाला! आवाज जराही चढला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी कुणापासून लपवलं नाही.

जमादार भिंगातून बघत राहिले. पण मागून एक माणूस म्हणाला, "तुमचंच भिंग, तुमचाच दात. पडलेला दात असाच असतोय हे आमाला कसं कळावं? पडलेला दात आणा की एक!"

कुणी हललं नाही. प्रत्येक घरात लेकरं होती, कुणाच्या तरी घरी दात पडलेलाच असणार. पण सगळ्यांसमोर, पोलिसांसमोर, अशा वेळी तो काढून ठेवणार कोण? सानियानंही कुणाकडं मागितला नाही.

सुनंदा दारात उभी होती. तिनं पदराचं टोक हातात घेतलं, तिथं एक गाठ होती. दातांनी सोडवली. आतून तिच्या लेकीचा समोरचा दात निघाला. घर पाडलं तेव्हापासून टाकायला माळवद नव्हतं, म्हणून तिनं तो बांधून ठेवला होता. सानियाला माहीत नव्हतं, मलाही नाही. सुनंदा पाटापर्यंत आली, दात सानियाच्या हातात दिला नाही, काळ्या कापडावर ठेवला. "माज्या पोरीचा हाय. परवाच्या रविवारी पडलाय. बगा आता सगळ्यांनी."

जमादारांनी भिंग त्या मागच्या माणसाकडं दिलं. त्यानं एकदा सुनंदाच्या लेकीचा दात बघितला, एकदा मातीतला. परत पहिला. मग भिंग पुढच्याला दिलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. रांगच लागली. पडलेले सगळे दात खालून सारखेच, कपासारखे पोकळ.

"पण येवढे?" एक बाई म्हणाली. "एका घरात येवढी लेकरं व्हतीत का?"

तेव्हा कट्ट्यावरून रझियाबी उठल्या. गल्लीच्या कोपऱ्यावर राहतात, माहेरही याच गल्लीतलं, तात्यांच्याच वयाच्या. म्हणाल्या, "अगं, एका घराचे कुठले! ह्ये माळवद गल्लीत सगळ्यात उंच. दात जेवढा वर जाईल तेवढा नवा लवकर येतोय, म्हणून सगळी हितंच फेकायची. माजे समदे हितंच फेकलेत. माज्या भावांचे बी." मग त्या मागच्या माणसाकडं वळल्या. "आन् तुजे बी रं! तुजी आई तुला कडंवर घिऊन यायची. नेम धरता येत न्हवता तुला, दात परत अंगणात पडायचा आन् तू रडायचास!"

पहिल्यांदा जमादार हसले. मग सगळेच. ज्याच्या-त्याच्या लक्षात यायला लागलं. "माजा बी असंल." "आरं, आमच्या बापाचा असंल." ज्या दातांना घाबरून माती ओढ्यात टाकायला निघाले होते, ते त्यांचेच होते. देशमुखांच्या गल्लीतले, मोमिनांच्या घरातले, सगळे त्याच मातीत.

जमादारांनी थोडे दात पाकिटात घालून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात तपासायला नेले, नियमच तसा आहे. तिथल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. पण गावाला ते ऐकायची गरज उरली नव्हती. ट्रॅक्टर रिकामाच गेला. तो मागचा माणूस खोलीच्या दाराशी गेला आणि बाहेरूनच म्हणाला, "तात्या, च्या पाजता का?"

मग तात्या टोपी चढवत बाहेर आले. "सुने," म्हणाले, "मोठं पातेलं ठिव."

त्या दिवशी कितीदा चहा झाला विचारू नका. माझ्यासाठी मुद्दाम कुणीतरी मुरुमहून गुलाबजाम आणले. मी ते हलत्या दाढेनं खाल्ले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत पडले होते. ऊन रणरणत होतं. अचानक पत्र्यावर टण्ण आवाज झाला. मग आणखी एक. मी बाहेर आले, बघते तर चार बाया लेकरांना घेऊन उभ्या आणि लेकरं वर नेम धरून दात भिरकवतायत. सानिया शिडीवर. सुनंदानंच तोडगा काढला होता. म्हणाली होती, "ताई, हातात कुणी देणार न्हाय. पण पत्र्यावर फेकायला काय हरकत? आमची रीत ऱ्हाती, मग तुमी उचला." सानियानं आधी प्रत्येक आईला सगळं समजावून सह्या-अंगठे घेतले, मग शिडी लावून वर चढली. सरळ ओळीत उभे राहा, एकाच्या मागून एक, म्हणजे कुणाचा कोणता ते कळेल, असं ती वरून सांगत होती आणि लेकरं अजिबात ऐकत नव्हती.

रझियाबी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या दातांवर पट्टे नव्हते, त्या विहिरीच्या काळातल्या. सुनंदाच्या दातांवर होते, माझ्यासारखेच. तिनं माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावला आणि मग काढला. "तुमी बी आमच्यातल्याच की," म्हणाली. मी म्हटलं, "मग! पट्टेवाली वाघीण आहे मी." सानियानं सांगितलं की वरच्या आणि खालच्या थरांतले दात आता प्रयोगशाळेत जातील, उत्तर यायला वेळ लागेल, आणि जे येईल ते ती आधी याच गावात येऊन सांगणार आहे. सरपंच म्हणाले, "आमाला पाणी कुठलं प्यावं तेवढं सांगा, बाकी तुमचं तुमी ठिवा." तेही होणार आहे. तिनं गावातल्या सगळ्या बोअरचे नमुने घेतलेत.

येताना धाराशिवमार्गे आले, वेळ असेल तर तुम्हीही या, लेणी बघा. मुक्कामाला गावात लॉज नाही, उमरगा किंवा नळदुर्गला राहा. पाण्याची बाटली सोबत ठेवा. आणि एखादं जुनं माळवद पाडताना दिसलं तर जरा थांबा, घरमालकाला विचारा की दात कुठं टाकायचे.

पुण्यात आल्या-आल्या नणंदेचा फोन. "काय करते गं सानिया नेमकं?" पूर्वी मला दम लागायचा. या वेळी मी व्हिडिओ कॉल लावला, कॅमेऱ्यासमोर तोंड उघडलं, पट्टे दाखवले आणि म्हटलं, "हे बघ. हे का आहेत ते शोधते." चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं माझे दात नीट बघितले.

परवा दाढ काढली. डॉक्टर ट्रेमध्ये टाकणार तोच मी म्हटलं, "खबरदार! द्या इकडं." पुसली, डबीत ठेवली आणि सानियाला फोन केला. ती हसलीच नाही, थेट कामाचं बोलायला लागली. "अम्मी, आधी संमतीपत्र पाठवते. वाचा, सही करा, मगच पाठवा. आईची म्हणून सूट नाही." काय शिस्त आहे बघा पोरीची! मी सही केली. लहानपणी कुठलं पाणी प्यायलात, या रकान्यात गावाचं आणि हापशाचं नाव लिहिलं. संध्याकाळी पाकीट घेऊन कुरिअरवाल्याकडं गेले.

"आत काय आहे, काकू?" त्यानं विचारलं.

"दात आहे," मी तोंड भरून हसून म्हटलं. "माझ्या लेकीला पाहिजे."